तान्ह्या पोळ्याचा बैल आणि चपडीचं पॉलिश: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लाकडाला पॉलिश करायला शिकायचं असेल, तर पहिला हात घरच्या सागवानी दारावर किंवा जेवणाच्या टेबलावर मारू नका. तान्ह्या पोळ्याचा बैल घ्या. नागपुरातल्या बहुतेक जुन्या घरांत माळ्यावर एखादा सापडतोच. हातात मावेल एवढं काम असतं आणि त्यात सगळं येतं: पाठीचा गोल भाग, पायांमधल्या अडचणीच्या जागा, शिंगांची टोकं, पाटाची सपाट फळी. बैलावर हात बसला की देवघर, पाट, खुर्ची, कपाट काहीही अवघड वाटत नाही.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. बैल आजोबांकडून नातवाकडे जातो, आणि दर दोन-चार वर्षांनी त्याला पॉलिश लागतं.

आमच्या बैलाला मी पहिल्यांदा चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. बाहेर पावसाची झड लागलेली, घरात कपडे वाळत नव्हते, आणि मी ओसरीत बसून पॉलिशच्या हातावर हात, म्हणजे थरावर थर, मारत होते. अर्ध्या तासात बैलाच्या पाठीवर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला. मी घाबरून त्यावर आणखी एक हात मारला, तर तोही पांढरा झाला. आमच्या गल्लीतले पॉलिशवाले काका तेवढ्यात समोरून चालले होते. थांबले आणि म्हणाले, "ताई, पाऊस पडून राहिला अन् तुम्ही पॉलिश करून राहिल्या? चपडीले पाणी नाही चालत." उपायही त्यांनीच सांगितला, तो पुढे येईलच. त्या दिवसापासून मी चपडी नीट शिकायला लागले. हा लेख म्हणजे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं.

चपडी येते कुठून

चपडी म्हणजे लाखच, स्वच्छ करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेली. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतो. हजारो किडे शेजारी शेजारी बसले की फांदीवर लाखेचा जाड लेप होतो. फाल्गुनाच्या सुमारास नागपूरहून भंडारा-गोंदियाकडे निघालात तर दोन्ही बाजूंना केशरी पेटलेला पळस दिसतो. ही झाडं लाखेची जुनी घरं आहेत. पळस आणि बोरावरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमावरच्या लाखेला कुसुमी. कुसुमी रंगानं फिकी असते आणि पॉलिशसाठी जास्त चांगली मानतात.

फांदीवरून खरवडलेली ती काडी लाख. ती कुटून पाण्यात धुतली की लाल रंग निघून जातो (आळता पूर्वी याच रंगापासून करत) आणि उरतो तो लाखदाणा. तो कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर वितळवायचा, पिळून गाळायचा आणि गरम असतानाच ताणून पातळ पत्रा करायचा. थंड झाल्यावर तो मोडला की चपडी. गोल वड्या पाडल्या तर बटन लाख. आता हे काम बरंचसं यंत्रांवर होतं, पण माल तोच.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की चपडी हा झाडावरून आलेला जिवंत माल आहे. कारखान्यातल्या डब्यातल्या व्हार्निशसारखी ती दोन वर्षं एकसारखी राहत नाही. ती म्हातारी होते. म्हणून तयार पॉलिशची बाटली आणू नका, ती किती जुनी आहे हे कळत नाही. सुकी चपडी आणा आणि लागेल तेवढी घरी भिजवा. पहिल्यांदा करणाऱ्यांचं निम्मं काम फसतं ते जुन्या पॉलिशमुळे, आणि दोष ते आपल्या हाताला देतात.

दुकानात काय मागायचं

रंगांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात "चपडी" किंवा "चपडा लाख" म्हटलं की कळतं. नागपुरात इतवारी, गांधीबाग भागात सुटी तोलून देणारी दुकानं आहेत. सुरुवातीला १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका. फूटभर उंचीच्या बैलाला ३०-४० ग्रॅम चपडीत सगळं होतं.

पुडी उघडून बघा. पापुद्रे सुटे, चकचकीत आणि बोटांत कडकन मोडणारे हवेत. दाबल्यावर वाकत असतील किंवा एकमेकांना चिकटून ढेप झाली असेल, तर माल उन्हात किंवा ओलीत राहिलेला आहे. ढेप झालेला माल प्रत्येक वेळी वाया गेलेलाच असतो असं नाही, पण नवख्यानं तो घेऊ नये.

रंग तीन-चार तऱ्हेचे मिळतात. गडद तांबूस, नारिंगी, लिंबाच्या रंगाची फिकी आणि रंग काढलेली पांढरी. सागवानावर नारिंगी चपडी फार शोभते, लाकडाला मधासारखी ऊब येते. बैल हलक्या, पांढुरक्या लाकडाचा असेल आणि तो तसाच ठेवायचा असेल तर फिकी घ्या. पांढरी म्हणजे ब्लीच केलेली चपडी मात्र मी नवख्यांना सुचवत नाही. ती सगळ्यात लवकर जुनी होते आणि जुनी झाली की स्पिरिटमध्ये विरघळतच नाही, तळाला फुगलेल्या साबुदाण्यासारखी बसून राहते.

चपडीत नैसर्गिक मेण असतं, साधारण ३ ते ५ टक्के. त्यामुळे पॉलिश गढूळ दिसतं आणि चार दिवस ठेवलं की तळाशी सायीसारखा थर बसतो. यात बिघडलेलं काही नाही. मेण काढलेली, म्हणजे डीवॅक्स्ड चपडी महाग पडते. चपडीवर पुढे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा दुसरं एखादं पॉलिश चढवायचं असेल तरच ती लागते, कारण मेणाच्या थरावर ती नीट धरत नाहीत. बैलावर वरून काही चढवायचं नाही, म्हणून साधी चपडी चालते.

स्पिरिटबद्दल नीट वाचा

चपडी पाण्यात विरघळत नाही, टर्पेंटाइनमध्ये नाही, एनसी थिनरमध्येही (लॅकर पातळ करायचं द्रावण) घालू नका. तिला लागतं अल्कोहोल. पॉलिशवाले वापरतात तो डीनेचर्ड स्पिरिट, दुकानात नुसतं "पॉलिशचा स्पिरिट" म्हणा. सीलबंद बाटली घ्या. उघड्या डब्यातला स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि पाणी मिसळलेला स्पिरिट म्हणजे पांढऱ्या डागांना आमंत्रण. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दवाखान्यातला सर्जिकल स्पिरिटही नको. ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाला तर चालतो, फक्त चपडी विरघळायला वेळ जास्त लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या स्पिरिटमध्ये मेथॅनॉल असू शकतं. ते विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. म्हणून हा स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका, अगदी पाच मिनिटांसाठीही नाही. नागपूरच्या उन्हातून तहानलेलं पोर घरात येतं आणि दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. मूळ बाटलीतच ठेवा आणि कुलूपबंद कपाटात ठेवा. काम करताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरी गोष्ट आगीची. स्पिरिटची वाफ पेट घ्यायला ठिणगी पुरते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. लाक्षागृहाची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकलेली असते. त्यात लाख होती, आपण तर लाखेत वर स्पिरिटही घालतो आहोत. गॅस, शेगडी, उदबत्ती, गीझर यांच्यापासून लांब बसा. देवघराला पॉलिश करत असाल तर आधी देव दुसरीकडे हलवा आणि पॉलिश पूर्ण वाळून वास जाईपर्यंत तिथे निरांजन लावू नका. निदान दोन दिवस तरी देवांनी दुसऱ्या खोलीत राहावं.

भिजवणे

मोजमाप ग्रॅम आणि मिलीत ठेवा, अंदाजावर जाऊ नका. मी दोन पातळ्यांचं पॉलिश करते.

पहिल्या हातासाठी पातळ: १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम चपडी.
पुढच्या हातांसाठी नेहमीचं: १०० मिलीला २० ग्रॅम.

बास, एवढंच. काही जण ३०-३५ ग्रॅमपर्यंत जातात, लवकर चकाकी येईल म्हणून. जाड पॉलिश नवख्याच्या हातात ओघळतं, ब्रशच्या रेघा तशाच वाळतात आणि मग त्या घासत बसावं लागतं. पातळ पॉलिशचे आठ हात जाड पॉलिशच्या तीन हातांपेक्षा लवकर होतात, करून बघा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तो नसेल तर दुकानदाराकडूनच २०-२० ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या.

बाटली काचेची, रुंद तोंडाची. मुरंब्याची किंवा लोणच्याची असेल तर धुऊन अगदी कोरडी करा, आत तेलाचा किंवा पाण्याचा अंश राहू देऊ नका. लोखंडी डबा वापरू नका. चपडी किंचित आम्लधर्मी असते, लोखंडाशी तिची क्रिया होते आणि पॉलिश काळपट पडतं. बाटलीचं झाकण पत्र्याचं असेल तर मध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवून लावा. हा तुकडा आणखी एका कामाला येतो: बाटलीच्या काठाला चपडी लागून झाकण असं चिकटतं की बाटली फोडावी लागते. काठ दर वेळी पुसायचा.

चपडी आधी थोडी कुटून घ्या, रव्यासारखी झाली तर उत्तम. बाटलीत आधी स्पिरिट, मग चपडी थोडी थोडी करून. उलटं केलंत तर तळाला चिकट वडी बसते आणि वरचा स्पिरिट तसाच राहतो. पहिले दोन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी बाटली हलवा. नंतर घराच्या कामातून येता-जाता हलवली तरी चालते. उन्हाळ्यात एका रात्रीत विरघळते, डिसेंबर-जानेवारीत दीड-दोन दिवस लागतात. घाई असेल तर बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, झाकण सैल करून, स्वयंपाकघरापासून लांब. गॅसवर कधीही नाही.

पूर्ण विरघळली की जुन्या मलमलीच्या ओढणीतून किंवा धोतराच्या तुकड्यातून गाळा. काड्या, किड्यांचे कण, माती, बरंच काही फडक्यावर उरतं. मग बाटलीवर चिठ्ठी लावा: चपडीचा रंग, प्रमाण, तारीख आणि मोठ्या अक्षरात "विष".

तारीख का? कारण चपडी स्पिरिटमध्ये पडल्या क्षणापासून दोघांची हळूहळू क्रिया चालू होते आणि काही महिन्यांनी ती कडक वाळायचीच बंद होते. लाकडावर कायम चिकट राहते, बोटाचे ठसे उमटतात. मी सहा महिन्यांपलीकडचं पॉलिश वापरत नाही, आणि उन्हाळा मध्ये आला असेल तर चार महिन्यांपलीकडचंही नाही. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून रात्रभर ठेवा. सकाळी नखानं खरवडलं की भुगा निघाला तर वापरा. नख रुतलं, ओरखडा मऊ उठला, तर ओतून टाका. चाळीस रुपयांची चपडी वाचवायला जाऊन बैल चिकट करू नका.

उरलेली सुकी चपडी हवाबंद डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, माळ्यावरच्या पुडीची ढेप होते. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या हवेत तासभर राहू दे, नाहीतर थंड चपडीवर दव धरतं.

बैलाची तयारी

नवा, कोरा बैल असेल तर सोपं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२० (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवं नाही. आडव्या ओरखड्यावर चपडी पडली की तो दुपटीनं उठून दिसतो. बैलाच्या तोंडाची आणि खुरांची टोकं लाकडाचा आडवा छेद असतात. ती पॉलिश पाण्यासारखी पितात आणि काळी पडतात. तिथे एक नंबर जास्त घासा, ३२० पर्यंत जा. मग मऊ ब्रशनं भुसा झाडा आणि स्पिरिटनं किंचित ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. पाण्यानं पुसू नका.

सरावासाठी आधी एक तुकडा हवाच. लकडगंजात आरा मशीनच्या आसपास सागवानाचे उरलेले तुकडे मिळतात. संत्र्याच्या जुन्या पेटीची फळी मिळाली तर तीही चालेल, तिच्या खडबडीत लाकडावर चपडी कशी वागते ते शिकायला मिळतं.

बैल जुना असेल तर आधी त्यावर काय लावलेलं आहे ते ओळखा. पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा कापूस मिनिटभर घासा. थर मऊ होऊन कापसाला तपकिरी चिकटा लागला तर जुनी चपडीच आहे. मग तुमचं काम निम्मं झालं. काढायची गरज नाही, स्वच्छ पुसून, हलकं घासून वरूनच हात मारा, नवी चपडी जुनीत मिसळून जाते. चपडीचा हाच गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. तिचा प्रत्येक नवा थर आधीच्या थराला जरासा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी मारलेला हात आणि आज तुम्ही मारलेला हात यांत फट राहत नाही.

स्पिरिटनं काहीच झालं नाही आणि वर रंगाचा जाड थर दिसत असेल, तर तो ऑइलपेंट असण्याची शक्यता आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. असा बैल जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्या.

हात मारणे

पहिला हात पातळ पॉलिशचा, मऊ केसांच्या ब्रशनं. लाकूड तो पिऊन टाकतं. अर्ध्या-पाऊण तासानं हात फिरवून बघा, खरखरीत लागेल, कारण लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ३२० च्या पेपरनं अगदी हलक्या हातानं, पापडावर बोट फिरवावं तेवढ्याच जोरानं घासा. पांढरी पूड उडाली तर थर वाळलाय. पेपरला डिंकासारख्या गोळ्या धरल्या तर अजून थांबा.

पुढचे हात फडक्याच्या गादीनं. आत कापसाचा किंवा जुन्या बनियनचा लिंबाएवढा बोळा, वरून खूप वेळा धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा. कडा मागे पिळून धरायच्या, समोरच्या बाजूला एकही चुणी नको, चुणी असली की तिची रेघ उठते. गादी बाटलीत बुडवायची नाही. फडकं उघडून आतल्या बोळ्यावर चमचाभर पॉलिश ओता, परत बांधा आणि कागदावर दाबून जास्तीचं काढा. दाबल्यावर कागदावर ओला ठसा उमटावा, थेंब नको.

आता हाताची गोष्ट. लाकडावर टेकताना गादी आधीच सरकत असली पाहिजे, आणि उचलताना सरकत असतानाच उचलायची. मध्ये थांबलात की ती तिथेच चिकटते आणि थर ओरबाडून घेते. पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक लांब सरळ हात, त्याला लागून दुसरा, तिसरा. आणि मारलेल्या जागी परत जायचं नाही. काही राहिलंय असं दिसलं तरी नाही. ज्यांनी अंगण सारवलंय त्यांना हे लगेच कळेल: अर्धवट वाळलेल्या पट्ट्यावर परत हात फिरवला की पापुद्रा उठतो. चपडीचं तसंच आहे. राहिलेली जागा पुढच्या हाताला भरून निघते.

पायांच्या आतल्या बाजू आणि शिंगांच्या बुडाशी गादी जात नाही, तिथे बारीक ब्रश. ब्रशवर माल कमी घ्या, कारण ओघळ इथेच पडतात, पायाच्या मागून पाटावर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी दिसतात. पाय आधी, पाठ शेवटी, म्हणजे बैल धरायला जागा राहते.

एका दिवसात वीस-तीस मिनिटांच्या अंतरानं तीन हात. मग रात्रभर विश्रांती. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरनं हलकं घासून आणखी तीन हात. बहुतेक बैलांना एवढं पुरतं. सहाव्या हातानंतर पाठीवर खिडकीचं प्रतिबिंब दिसायला लागतं, आणि त्या क्षणी जो आनंद होतो तो मी कितीदा अनुभवला तरी शिळा झालेला नाही.

गादी कोरडी पडून ओढायला लागली तर तिच्या तोंडावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावायचा, ही जुन्या कारागिरांची रीत आहे. सुरुवातीला तेल न वापरता शिका. वापरलंत तर ती फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेटू शकतात. अंगणात दोरीवर मोकळी पसरून पूर्ण कडक होऊ द्या. गादी परत वापरायची असेल तर हवाबंद बाटलीत ठेवा, मऊ राहते.

चकाकी जास्त वाटत असेल तर आठवडाभरानं अगदी बारीक स्टील वूलला मेण लावून हलकेच फिरवा. मला बैलाच्या अंगावर ही मंद चमक जास्त आवडते.

नागपूरची हवा

पॉलिशचं नुसतं प्रमाण सांगून भागत नाही, आपली हवाही सांगावी लागते. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, ऊन सौम्य. सकाळचं धुकं गेल्यावर दहा ते चार काम करा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी काम करू नका. स्पिरिट हातातल्या हातात उडतो, ब्रश लाकडावर ओढला जातो आणि रेघा राहतात. सकाळी सहा ते आठ बसा आणि सगळे हात पातळ पॉलिशचे मारा. आणि कूलर बंद ठेवा! नवखे हमखास हीच चूक करतात. आपला खसचा कूलर खोलीत ओली हवाच फेकत असतो. बाहेर कडक ऊन, हवा कोरडी, तरी पॉलिश पांढरं का पडलं म्हणून लोक डोकं धरून बसतात.

पावसाळ्यात माझी कसोटी साधी आहे. भाजलेला पापड ताटलीत ठेवायचा. दहा मिनिटांत मऊ पडला तर त्या दिवशी चपडीची बाटली उघडायची नाही. पावसानं उघडीप दिली, दोन दिवस चांगलं ऊन पडलं, तर भर दुपारी काम करता येतं.

आणि इतकं सगळं करूनही पांढरं आलंच तर घाबरू नका. काकांनी मला सांगितलेला उपाय असा. पॉलिश काढायचं नाही. कोरड्या दिवसाची वाट बघायची. मग स्वच्छ गादीवर नुसता स्पिरिट घ्यायचा, कागदावर दाबून जवळजवळ कोरडी करायची, आणि पांढऱ्या जागेवरून एकदाच, वाऱ्यासारखी फिरवायची. वरचा थर क्षणभर मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते, खालचा रंग परत दिसतो. एका वेळेला नाही गेलं तर दहा मिनिटं थांबून परत. आमच्या बैलाची पाठ तिसऱ्या हाताला स्वच्छ झाली, पण तोवर पोळा होऊन चार दिवस झाले होते. तेव्हापासून आमचा बैल मृगाआधीच तयार असतो. थर पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात, तो वेळही त्याला मिळतो आणि मुलांच्या हातात जाईपर्यंत ओरखड्याला टिकतो.

चपडी कुठे लावू नये

गरम पातेलं, चहाचा कप, पाणी, साबण, सोडा यांच्याशी तिचं जमत नाही. ७५-८० अंशांच्या आसपास ती मऊ होऊन वितळू लागते, पाणी साचलं की पांढरे वर्तुळ उठतात, सोड्यानं थर विरघळतो. म्हणून जेवणाचं टेबल, ओट्याची दारं, न्हाणीघराचं दार, गच्चीवरचा झोपाळा यांना दुसरं पॉलिश करा. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानंही ठसे उमटतात. लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि मिठायांवर लावतात, ती खाण्याला अपायकारक नाही, तरी पोळपाटाला लावू नका. रोज धुऊन ती महिनाभरही टिकणार नाही.

देवघर, बसायचा पाट, पेटी, चित्राची चौकट, जुनी आरामखुर्ची, कपाटाची आतली बाजू: इथे तिच्यासारखं दुसरं काही नाही. देवघरात निरांजनाखाली मात्र ताटली ठेवा.

सजावट आणि देखभाल

शिंगांना सोनेरी रंग हवा असेल तर सगळे हात झाल्यावर, पातळ पॉलिशमध्ये चिमूटभर सोनेरी पावडर कालवून बारीक ब्रशनं लावा. डोळे आणि पाठीवरची नक्षी पोस्टर कलरनं काढून पूर्ण वाळू द्या, मग वरून एकच हात, तोही ब्रशनं आणि परत न घासता. स्केच पेननं काढलेली नक्षी स्पिरिटनं पसरते, ती काढूच नका.

दर वर्षी पोळ्याच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसणं पुरतं. गुलालाचे, हळदीकुंकवाचे डाग थरात शिरले असतील तर जवळजवळ कोरड्या स्पिरिटच्या फडक्यानं हलकेच टिपा. ओरखडे दिसत असतील तर एखाद्या कोरड्या दिवशी पातळ पॉलिशचा एक हात.

आणि चाकांचं एक लक्षात ठेवा. चाकांच्या भोकात आणि आसावर चपडी जाऊ देऊ नका, ती वाळली की चाक जाम होतं आणि मूल दोरी ओढतं तेव्हा बैल तोंडावर पडतो. पॉलिश करण्यापूर्वी चाकं काढून ठेवा. निघत नसतील तर फटीत कागदाच्या घड्या घाला. शेवटी आसावर मेणबत्ती घासा आणि चाक बोटानं फिरवून बघा, दोन फेरे मोकळे फिरलं पाहिजे.